रॉबर्ट मोझेस

रॉबर्ट मोझेस (जन्म : न्यू हेवन, कनेटिकट, १८ डिसेंबर १८८८; मृत्यू : वेस्ट आयलिप, न्यू यॉर्क, २९ जुलै १९८१) हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहर व राज्य यांमधील एक अत्यंत प्रभावी सार्वजनिक अधिकारी होते. १९२४ ते १९६८ या सुमारे ४४ वर्षांच्या काळात त्या परिसरातील पूल, बोगदे, द्रुतगती मार्ग, उद्याने, क्रीडांगणे आणि गृहसंकुले कोठे व्हावीत, त्यांसाठी पैसा कोठून आणावा आणि कोणाची घरे त्यांच्या मार्गात यावीत, हे बहुतांशी त्यांनी ठरविले. विशेष म्हणजे लोकांच्या मतांवर ते एकदाही निवडून आले नाहीत. स्थानिक वाहतुकीची कामे प्रादेशिक प्राधिकरणांमार्फत आखण्याची आणि पथकरावर उभारलेल्या कर्जातून पार पाडण्याची पद्धत त्यांनी इतक्या टोकाला नेली, की आज या विषयाचा अभ्यास त्यांच्या उल्लेखावाचून पुढे सरकत नाही.

बालपण व शिक्षण

मोझेस यांचा जन्म एका सुस्थितीतील जर्मन-ज्यू कुटुंबात झाला. वडील इमॅन्युएल हे व्यापारी होते; आई बेला या कर्तबगार व करारी स्वभावाच्या म्हणून ओळखल्या जात. १८९७ मध्ये कुटुंब न्यू यॉर्कला आले. मोझेस १९०९ मध्ये येल विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर ऑक्सफर्डच्या वॉडम महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले आणि १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय ब्रिटनमधील सनदी सेवा हा होता. सरकारी नेमणुका वशिल्याने नव्हे, तर गुणवत्तेने व्हाव्यात, असा त्या वेळचा त्यांचा आग्रह होता. पुढील आयुष्याकडे पाहता हा आरंभ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९१५ मध्ये त्यांचा मेरी लुईस सिम्स यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. मेरी यांच्या निधनानंतर १९६६ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

सुधारक म्हणून आरंभ

महापौर जॉन मिचेल यांच्या कारकिर्दीत मोझेस यांनी शहराच्या नोकरवर्गाचे मूल्यमापन करण्याची एक तपशीलवार योजना तयार केली. नेमणुका हीच ज्या पक्षयंत्रणेची शिदोरी होती, त्या टॅमनी हॉलने तिला कडाडून विरोध केला. १९१७ मध्ये मिचेल पराभूत झाले आणि योजनाही बारगळली. तिशीच्या उंबरठ्यावर असलेले, पदव्यांनी संपन्न असे मोझेस जवळजवळ बेकार झाले.

त्यांना पुन्हा सार्वजनिक जीवनात आणले ते बेल मॉस्कोविट्झ यांनी. गव्हर्नर आल्फ्रेड (अल) स्मिथ यांच्या त्या विश्वासू सल्लागार होत्या. राज्य शासनाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगाचे काम त्यांनी मोझेस यांच्याकडे सोपविले. शाळेचे पूर्ण शिक्षणही न झालेले, मासळीबाजारात काम करून वर आलेले स्मिथ आणि ऑक्सफर्डला शिकलेले मोझेस यांच्यात अकृत्रिम स्नेह जुळला, तो अखेरपर्यंत टिकला. स्मिथ यांच्याकडून ते दोन गोष्टी शिकले : विधेयकाचा मसुदा कसा लिहावा आणि तो विधिमंडळातून कसा संमत करून घ्यावा. गव्हर्नरांच्या वर्तुळात विधेयके लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी त्यांची ख्याती झाली.

लाँग आयलंडवरील उद्याने व मार्ग

१९२४ मध्ये मोझेस लाँग आयलंड राज्य उद्यान आयोगाचे अध्यक्ष झाले. हा आयोग ज्या कायद्याने अस्तित्वात आला, त्याचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहिला होता. जमीन ताब्यात घेण्याचा अतिशय व्यापक अधिकार त्यातील एका जुन्या कायदेशीर संज्ञेच्या आड दडलेला होता. मतदान करणाऱ्या अनेक सदस्यांच्या तो ध्यानातही आला नाही.

त्या काळी लाँग आयलंडचा समुद्रकिनारा शहरातील सामान्य माणसाला जवळजवळ बंद होता. किनाऱ्याकडे जाणारी बरीचशी भूमी धनिकांच्या मालमत्तांनी व्यापलेली होती आणि तेथे पोहोचण्यासाठी धड रस्तेही नव्हते. मोझेस यांनी उद्याने आणि त्यांच्याकडे जाणारे वृक्षाच्छादित मोटारमार्ग यांची एकत्रित आखणी केली. ४ ऑगस्ट १९२९ रोजी जोन्स बीच हे उद्यान खुले झाले. विस्तीर्ण वाळूपट्टा, प्रशस्त स्नानगृहे आणि व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर उभारलेला पाण्याचा मनोरा असलेले हे स्थळ सार्वजनिक वास्तुकलेचा उत्तम नमुना मानले जाते. सरकारी काम देखणे असू शकते, हे अनेकांना येथे प्रथमच दिसले.

याच काळात त्यांच्या कार्यपद्धतीची दुसरी बाजूही दिसू लागली. नॉर्दर्न स्टेट पार्कवेच्या आखणीत बलाढ्य जमीनदारांच्या मालमत्ता टाळण्यासाठी मार्गाला मोठा वळसा देण्यात आला; परंतु ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते, अशा लहान शेतकऱ्यांच्या शेतांतून रेषा सरळ गेली. या मार्गांवर मालमोटारी आणि बस यांना मनाई होती. मोटार नसलेल्या गरिबांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, किनाऱ्यापासून दूर ठेवण्यासाठीच मोझेस यांनी मार्गांवरील पूल मुद्दाम बुटके बांधविले, असा आरोप त्यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी केला आहे. तो फार प्रसिद्ध आहे. बसला नियमानेच बंदी असल्याने पुलाच्या उंचीमागे असा हेतू शोधण्याचे कारण नाही, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. हेतू कोणताही असो, बसने येणाऱ्या कुटुंबाला हे मार्ग बंद होते, यात वाद नाही.

ट्रायबरो प्राधिकरण आणि पैशाचे गणित

१९३४ च्या आरंभी महापौर फिओरेलो ला ग्वार्दिया यांनी मोझेस यांना संपूर्ण शहराचे उद्यान आयुक्त नेमले. त्याच वर्षी ते ट्रायबरो पूल प्राधिकरणाचे सदस्य झाले व १९३६ मध्ये अध्यक्ष. मॅनहॅटन, क्वीन्स आणि ब्राँक्स हे तीन विभाग जोडणाऱ्या या पुलाचे काम ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअरबाजार कोसळत असतानाच सुरू झाले होते आणि पैशाअभावी थांबले होते. १९३३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले व संघराज्य सरकारच्या सार्वजनिक बांधकाम प्रशासनाकडून कर्ज आणि अनुदान मिळाले.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि मोझेस यांचे वैर जुने होते. शहरात दुसरे पद धारण करणारी व्यक्ती प्राधिकरणावर असल्यास निधी द्यायचा नाही, असा आदेश वॉशिंग्टनहून निघाला. आदेशाचे शब्द सर्वसामान्य होते. रोख मात्र एकाच माणसावर होता. मोझेस यांनी तो वृत्तपत्रांच्या हाती दिला. लोकमत इतके खवळले की राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. वास्तविक त्याच्या काही महिने आधी, १९३४ मध्ये, रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून मोझेस हर्बर्ट लेहमन यांच्याकडून दारुण पराभूत झाले होते. मतपेटीत नाकारलेला माणूस वृत्तपत्रांत लोकनायक ठरला. ११ जुलै १९३६ रोजी पूल खुला झाला.

मोझेस यांच्या सत्तेचे मूळ समजून घ्यायचे, तर प्राधिकरण म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. महानगरपालिकेला पूल बांधायचा झाल्यास तिला करातून पैसा काढावा लागतो किंवा कर्ज घ्यावे लागते. कर्जावर कायद्याची मर्यादा असते आणि प्रत्येक खर्च निवडून आलेल्या सभागृहापुढे येतो. प्राधिकरण ही यापासून वेगळी, कायद्याने निर्माण केलेली संस्था असते. ती कर्जरोखे विकते, त्या पैशातून पूल बांधते, वाहनांकडून पथकर घेते आणि त्यातून कर्ज फेडते. शहराच्या कर्जमर्यादेत हे कर्ज मोजले जात नाही. लंडनच्या बंदर प्राधिकरणाच्या नमुन्यावर १९२१ मध्ये न्यू यॉर्क बंदर प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हापासून ही कल्पना अमेरिकेत रुजली होती. तरीही एका पुलासाठी स्थापन झालेले प्राधिकरण कर्ज फिटताच विसर्जित व्हावे आणि पूल शहराच्या मालकीचा व्हावा, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत मोझेस यांनी मोडून काढली. १९३७ च्या सुमारास त्यांनी कायद्यात ज्या दुरुस्त्या करून घेतल्या, त्यांमुळे प्राधिकरणाला जुने कर्ज फेडण्याऐवजी नवे रोखे काढून ते बदलण्याची आणि नवी कामे अंगावर घेण्याची मुभा मिळाली. कर्ज कधी संपणारच नसेल, तर प्राधिकरणही संपणार नाही. याहून चतुर भाग पुढे होता. प्राधिकरणाचे अधिकार व नियम रोख्यांच्या करारातच समाविष्ट करण्यात आले. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कोणत्याही राज्याला कराराचे बंधन क्षीण करणारा कायदा करता येत नाही. परिणामी, प्राधिकरणाच्या अधिकारांना हात लावणे म्हणजे रोखेधारकांशी झालेला करार मोडणे ठरले. महापौर येवोत वा जावोत, गव्हर्नर बदलोत, रोखे जिवंत असेपर्यंत मोझेस यांचे आसन अढळ होते.

पथकराचे उत्पन्न अंदाजापेक्षा कितीतरी अधिक येऊ लागले. एका मोटारीमागे २५ सेंट ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु खर्च जाऊन दरवर्षी जी शिल्लक उरे, तिच्या आधारावर तिच्या अनेक पट कर्ज उभे राहू शके. शहराची तिजोरी रिकामी असताना ट्रायबरोकडे नेहमी पैसा असे. प्राधिकरणाचे कार्यालय पुलाखालच्या रँडल्स बेटावर होते. त्याचे स्वतःचे अभियंते होते, स्वतःचा गणवेशधारी सुरक्षावर्ग होता. काम कोणत्या कंत्राटदाराला, विमा कोणाकडे, ठेवी कोणत्या बँकेत, हे ठरविण्याचे अधिकार त्यामुळे एका ठिकाणी एकवटले. बँका, कामगार संघटना, बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय पुढारी या सर्वांचे हितसंबंध मोझेस यांच्याशी बांधले गेले. त्यांनी स्वतः मात्र लाच घेतल्याचे कधी आढळले नाही. प्राधिकरणातील पदाचे वेतनही ते घेत नसत.

हेन्री हडसन पूल (१९३६) आणि ब्राँक्स-व्हाइटस्टोन पूल (१९३९) याच यंत्रणेतून उभे राहिले. १९३६ च्या उन्हाळ्यात शहरात ११ भव्य सार्वजनिक जलतरण तलाव खुले झाले, तेही मोझेस यांच्या उद्यान विभागाने संघराज्याच्या मदतीने बांधलेले होते. संघराज्य सरकार पैसा द्यायला तयार असे, तेव्हा बहुतेक शहरांकडे तयार आराखडे नसत. मोझेस यांच्या कपाटात ते सदैव तयार असत. निधीचा मोठा वाटा न्यू यॉर्कला मिळण्याचे हे एक साधे, परंतु महत्त्वाचे कारण होते.

बॅटरी पुलाचा पराभव

ब्रुकलिन आणि मॅनहॅटनचे दक्षिण टोक यांना जोडण्यासाठी शहराला बोगदा हवा होता. मोझेस यांनी १९३९ मध्ये त्याऐवजी पुलाचा आग्रह धरला. पुलामुळे बॅटरी उद्यान झाकोळले जाईल आणि बंदराचे दृश्य बिघडेल, म्हणून नागरिकांनी विरोध केला. शहराने मान्यता दिली. परंतु युद्धकाळात पूल पडल्यास नौदलाच्या गोदीची वाट अडेल, या कारणास्तव युद्ध खात्याने परवानगी नाकारली. या निर्णयामागे व्हाइट हाउसचा हात होता, असे मानले जाते. बोगदाच झाला व तो १९५० मध्ये खुला झाला. तोपर्यंत बोगदा प्राधिकरण १९४६ मध्ये ट्रायबरोत विलीन होऊन मोझेस यांच्याच ताब्यात आले होते.

युद्धोत्तर काळ : महामार्ग आणि विस्थापन

१९४६ मध्ये ते शहराचे बांधकाम समन्वयक झाले. त्यामुळे राज्य व संघराज्य यांच्याकडून शहराला मिळणाऱ्या निधीच्या वाटाघाटी त्यांच्या हाती गेल्या. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये जुन्या वस्त्या पाडून पुनर्विकास करण्याच्या समितीचेही ते अध्यक्ष होते. उद्याने, रस्ते, घरे, नगररचना आणि १९५४ पासून राज्याची वीजनिर्मितीसुद्धा अशी अनेक पदे एकाच व्यक्तीकडे होती. नायगारा येथील वीजप्रकल्पाच्या जलाशयासाठी टस्करोरा या आदिवासी राष्ट्राची सुमारे ५५० एकर जमीन घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये निकाल टस्करोरांच्या विरुद्ध लागला.

क्रॉस-ब्राँक्स द्रुतगती मार्ग हे या काळातील सर्वाधिक चर्चिले गेलेले काम आहे. दाट वस्तीच्या शहरातून सुमारे ७ मैल लांबीचा खोल मार्ग कोरून नेणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण अवघड होते. रस्ते, रेल्वे, भुयारी गाडी, मलनिस्सारणाच्या वाहिन्या, सर्व काही चालू ठेवून काम करावयाचे होते. परंतु हा मार्ग लक्षात राहिला तो ईस्ट ट्रेमाँट या वस्तीतील एका मैलासाठी. कष्टकरी, बहुतांशी ज्यू कुटुंबांची ती भाड्याच्या घरांची वस्ती होती. डिसेंबर १९५२ मध्ये तेथील सुमारे दीड हजार कुटुंबांना ९० दिवसांत घरे सोडावी लागतील, अशा सूचना मिळाल्या. रहिवाशांनी, त्यातही गृहिणींनी पुढाकार घेऊन, अभियंत्यांच्या मदतीने क्रोटोना उद्यानाच्या कडेने जाणारा पर्यायी मार्ग मांडला. त्यात फारच थोडी घरे जाणार होती. सभा झाल्या, शिष्टमंडळे गेली, आश्वासने मिळाली. मार्ग मात्र तसूभरही हलला नाही. पर्याय का नाकारला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण त्या कुटुंबांना कधीच मिळाले नाही. त्यानंतरच्या दोन दशकांत दक्षिण ब्राँक्सची जी दैना झाली, तिला केवळ हा रस्ता कारण नव्हता. पण वस्ती विस्कटण्यास त्याने हातभार लावला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सार्वजनिक वाहतुकीकडे मोझेस यांनी सातत्याने पाठ फिरविली. शहरात दोन निराळ्या थैल्या होत्या, असे म्हणता येईल. पूल-बोगद्यांची थैली भरून वाहत होती. भुयारी रेल्वेची फाटकी होती. भुयारी रेल्वेचे भाडे १९४८ पर्यंत ५ सेंट होते, आणि ते वाढवणे राजकीयदृष्ट्या कठीण होते. ट्रायबरोची शिल्लक मात्र कायद्याने नव्या पुलांकडे आणि रस्त्यांकडेच वळत राहिली. व्हॅन विक द्रुतगती मार्ग आयडलवाइल्ड (आजचा केनेडी) विमानतळाकडे नेताना मधोमध रेल्वेसाठी पट्टा राखून ठेवावा, ही नियोजनकारांची सूचना त्यांनी फेटाळली. अनेक दशकांनंतर, २००३ मध्ये, त्याच मार्गाच्या मध्यभागी खांब उभारून विमानतळाची गाडी न्यावी लागली. मोझेस यांना स्वतःला मोटार चालविता येत नव्हती. त्यांच्या दिमतीला चालकासह गाडी असे व प्रवासातच ते बैठका घेत. वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या चालकाचा त्रास त्यांना किती कळला असेल, हा प्रश्नच आहे.

नवा पूल खुला झाला की जुन्याची गर्दी कमी होईल, हे गृहीतकही खरे ठरले नाही. काही काळातच दोन्ही भरून जात. मार्ग वाढल्याने वाहनेच वाढतात, हे तत्त्व आज वाहतूकशास्त्रात सर्वमान्य आहे. त्या काळच्या न्यू यॉर्कमध्ये ते प्रत्यक्ष दिसत असूनही प्राधिकरणाच्या हिशेबात ते तोट्याचे नव्हते, कारण प्रत्येक वाढीव वाहन पथकर देत होते.

विरोधाचा उदय

१९५६ मध्ये सेंट्रल पार्कमधील एका उपाहारगृहाच्या वाहनतळासाठी मुलांच्या खेळण्याची जागा घेण्याचा प्रयत्न झाला. बाबागाड्या घेऊन बुलडोझरसमोर उभ्या राहिलेल्या मातांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली आणि मोझेस यांना प्रथमच उघडपणे माघार घ्यावी लागली. ब्राँक्समधील दीड हजार कुटुंबांना जे साधले नाही, ते मध्यवर्ती मॅनहॅटनमधील काही सुस्थितीतील मातांना साधले, ही विषमता नोंदविण्यासारखी आहे. पाठोपाठ वॉशिंग्टन स्क्वेअरमधून रस्ता काढण्याची योजनाही शर्ली हेज, जेन जेकब्स आदींच्या चळवळीमुळे बारगळली. दक्षिण मॅनहॅटन आडवे छेदणारा लोअर मॅनहॅटन द्रुतगती मार्ग १९६२ मध्ये नाकारला गेला. तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला आणि १९६९ मध्ये कायमचा रद्द झाला. ज्या सोहो परिसरावरून तो जाणार होता, तो आज शहराच्या अभिमानाचा विषय आहे.

याच सुमारास देशातील कायदाही बदलत होता. १९६२ च्या संघराज्य महामार्ग कायद्याने ५० हजारांहून अधिक वस्तीच्या नागरी भागांना निधी हवा असल्यास राज्य व स्थानिक संस्थांनी मिळून सातत्याने व सर्वंकष वाहतूक नियोजन करणे बंधनकारक केले. त्यातूनच १९७० च्या दशकात महानगर नियोजन संस्थांचे जाळे उभे राहिले. एका माणसाच्या कपाटातील आराखड्यावर निधी मिळण्याचा काळ तेथे संपत आला.

सत्तेचा अस्त

१९६२ च्या अखेरीस गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी उद्यान परिषदेचे अध्यक्षपद सोडण्याची सूचना केली. मोझेस यांनी राज्यातील सर्वच पदांचा राजीनामा देण्याची नेहमीची धमकी दिली. आजवर ती प्रत्येक वेळी फळली होती. रॉकफेलर यांनी राजीनामे स्वीकारले. १९६४-६५ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनाचे अध्यक्षपद मोझेस यांच्याकडे होते. ते आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरले. त्यांच्या कारकिर्दीतील अखेरचा मोठा पूल, व्हेराझानो-नॅरोज, नोव्हेंबर १९६४ मध्ये खुला झाला. ४,२६० फुटांचा त्याचा मुख्य गाळा त्या वेळी जगात सर्वांत लांब होता.

आता केवळ ट्रायबरो उरले होते. १९६६ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी पथकराची शिल्लक भुयारी रेल्वेकडे वळविण्यासाठी प्राधिकरण ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. राज्य विधिमंडळात तो हाणून पाडण्यात आला. जे महापौराला जमले नाही, ते गव्हर्नरांना जमले. रोखेधारकांच्या करारामुळे विलीनीकरणाला आव्हान देऊ शकणारी विश्वस्त बँक चेस मॅनहॅटन होती आणि तिचे प्रमुख होते गव्हर्नरांचे बंधू डेव्हिड रॉकफेलर. बँकेचा दावा तडजोडीने मिटला. तीस वर्षे अभेद्य ठरलेली तटबंदी अशी आतून उघडली. १ मार्च १९६८ रोजी ट्रायबरो नव्या महानगर वाहतूक प्राधिकरणात विलीन झाले. मोझेस यांना सल्लागारपद मिळाले; अधिकार कोणतेच उरले नाहीत.

१९७४ मध्ये कॅरो यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मोझेस यांनी त्याला दीर्घ व संतप्त उत्तर दिले. अखेरची वर्षे त्यांनी लाँग आयलंडवर काढली. पोहण्याची आवड त्यांनी वृद्धापकाळापर्यंत जपली. २९ जुलै १९८१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत झाले.

मूल्यमापन

मोझेस यांच्या खात्यावर १३ पूल, ४१६ मैलांचे उद्यानमार्ग आणि शहरातील ६५८ क्रीडांगणे जमा धरली जातात. कॅरो यांच्या ग्रंथानंतर त्यांची प्रतिमा प्रामुख्याने निष्ठुर सत्ताधीशाची राहिली. २००७ मध्ये हिलरी बॅलन आणि केनेथ जॅक्सन यांच्या पुढाकाराने भरलेल्या प्रदर्शनांनी व ग्रंथाने फेरविचाराला चालना दिली. अन्य अमेरिकी शहरे त्याच काळात खचत असताना न्यू यॉर्क टिकले, यात मोझेस यांच्या कामांचा वाटा आहे, असे जॅक्सन यांचे प्रतिपादन आहे. या मताला वजन आहे. मात्र ईस्ट ट्रेमाँटचा पर्यायी मार्ग स्वीकारला असता, तरीही न्यू यॉर्क टिकलेच असते, हा आक्षेप त्याने दूर होत नाही.

ट्रायबरो पूल व बोगदा प्राधिकरण आजही महानगर वाहतूक प्राधिकरणाचा भाग म्हणून अस्तित्वात आहे. त्याच्या पथकराची शिल्लक १९६८ पासून भुयारी रेल्वे, बस आणि उपनगरी रेल्वे यांच्याकडे वळविली जाते. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात येणाऱ्या वाहनांवर गर्दी-शुल्क लागू झाले. मोटारींवर आकारल्या जाणाऱ्या या शुल्काच्या बळावर सार्वजनिक वाहतुकीसाठी कर्ज उभारावयाचे आहे, आणि ते वसूल करण्याचे काम याच प्राधिकरणाकडे आहे.